घरयादीवरून कुटुंबाचा प्रकार ठरवताना छेदात कोण घ्यायचं?

यादीतला_घोळ

एका पाहणीच्या दोन फेऱ्यांच्या घरयाद्या हाताशी आहेत. मधे पंधरा वर्षांचं अंतर. प्रत्येक माणसामागे अनुक्रमांक, प्रमुखाशी नातं, वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती एवढंच नोंदलंय. यावरून घरांना 'विभक्त', 'एकत्र', 'एकटं' आणि 'इतर' अशा खुणा लावल्या. दुसऱ्या फेरीत विभक्त घरांचा टक्का चांगलाच वाढलेला दिसतो आणि घराचा सरासरी आकार घटलेला दिसतो. अहवालात 'एकत्र कुटुंबपद्धती मोडत चालली आहे' असं वाक्य लिहायचं आहे, पण तिथेच हात अडखळतो. कारणं अशी:

विधवा आई, मुलगा, सून आणि नातवंडं हे घर कुठे टाकायचं? दोघे भाऊ एकाच छपराखाली, पण चुली दोन, अशी घरं पहिल्या फेरीत एक धरली आहेत आणि दुसरीत दोन. कामासाठी बाहेर राहणारा मुलगा काही याद्यांत आहे, काहींत नाही. घटस्फोट घेऊन परत आलेली मुलगी 'अविवाहित मुलांत' धरायची का? आणि मुख्य म्हणजे टक्का घरांचा काढायचा की माणसांचा? दोन्ही काढले तर उत्तरं फार वेगळी येतात.

वेगळी_चूल

आधी शब्दांचा निकाल लावू, कारण अर्धा घोळ मराठीनेच घातलाय. आपल्याकडे 'कुटुंब' हा एकच शब्द नात्याच्या माणसांसाठी आणि एका घरात राहणाऱ्या माणसांसाठी वापरतात. (जुन्या मराठीत तर 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको.) जनगणनेचं मराठी पत्रकही घराला 'कुटुंब'च म्हणतं. तुमच्या यादीत आहेत ती घरं, कुटुंबं नव्हेत. दोन भाऊ वेगळे राहूनही जमीन, कर्ज आणि लग्नकार्य एकत्र चालवत असतील, तर घरं दोन आणि कुटुंब एक. हा फरक समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावाच्या १९६४ च्या अभ्यासात आणि ए. एम. शहा यांनी १९७३ मध्ये फार नेटाने मांडला.

'विभक्त' हा शब्दही शक्य तर टाळा. 'विभक्त' म्हटलं की आधी एकत्र होतं आणि मग फुटलं असा इतिहास आपोआप चिकटतो. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं एवढंच सांगायचं असेल तर 'केंद्रकुटुंब' म्हणा. ते फुटून झालं की पहिल्यापासून तसंच होतं, हे यादी सांगत नाही.

आता घराची व्याख्या. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनेविषयीच्या शिफारशींत दोन पर्याय आहेत. एक, जी माणसं अन्न आणि इतर गरजांची व्यवस्था मिळून करतात ती एक घर. दोन, एका राहत्या जागेतली सगळी माणसं मिळून एक घर. पहिल्या पर्यायात एका छपराखाली दोन घरं असू शकतात, दुसऱ्यात असूच शकत नाहीत. भारताची जनगणना सामाईक स्वयंपाकघराची कसोटी लावते, म्हणजे पहिल्या प्रकारची. फिनलंडसारखे देश नोंदवह्यांवरून मोजतात, तिथे पत्ता हीच कसोटी, म्हणजे दुसरी. तुमच्या दोन फेऱ्यांच्या मधे बहुधा हीच कसोटी बदलली आहे. सूचनापुस्तिकेत बदलली नसली तरी प्रगणकांच्या हातात बदललेली असू शकते. दोन्ही फेऱ्यांच्या पुस्तिका काढा आणि 'घर' या शब्दाखाली काय लिहिलंय ते शब्दशः ताडून बघा. हे न करता पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

दोन चुलींवर उपाय आहे, पण तुमच्याकडे इमारतीचा किंवा घराचा क्रमांक जपलेला असेल तरच. दुसऱ्या फेरीत एकाच क्रमांकाखाली, नात्याच्या, वेगळ्या चुलीच्या याद्या असतील तर त्या जोडून पहिल्या फेरीच्या नियमाने एक घर करा आणि सगळे तक्ते पुन्हा काढा. जोडलेले आणि न जोडलेले आकडे शेजारी शेजारी ठेवा. खरं उत्तर त्या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. क्रमांकच नसेल तर दोन फेऱ्यांची ही तुलना सोडून द्या. कितीही भारी गणित लावलं तरी ती दुरुस्त होत नाही.

छेदकर

घर की माणूस, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. उदाहरण म्हणून १०० घरं घ्या: ६० केंद्रकुटुंबं, प्रत्येकी ४ माणसं, ३० एकत्र, प्रत्येकी ८, आणि १० एकट्या माणसांची. एकूण माणसं २४० + २४० + १० = ४९०. घरं मोजली तर केंद्र ६०, एकत्र ३०, एकटे १० टक्के. माणसं मोजली तर केंद्र ४९, एकत्र ४९, एकटे २ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. 'घरं कशी आहेत' हा घरबांधणी, वीजजोडणी आणि शिधावाटप यांचा प्रश्न. 'माणसं कशी जगतात' हा समाजशास्त्राचा. जपानच्या २०२० च्या जनगणनेत ३८ टक्के घरं एकट्या माणसाची निघाली. तिथे सरासरी घर २.२१ माणसांचं आहे, म्हणजे एकटी राहणारी माणसं साधारण १७ टक्के. बातमीत मात्र '३८ टक्के लोक एकटे' असं छापून येतं.

पण खरी मेख तिथेही नाही. 'एकत्र राहणं' ही आवड आहे की शक्यता, हे वेगळं केल्याशिवाय पद्धत मोडली की टिकली ते कळत नाही. ज्याचे आई-वडील हयात नाहीत तो त्यांच्यापाशी राहणार कसा? त्याला छेदात धरून 'एकत्र राहत नाही' म्हणणं हा अन्याय आहे.

एक साधा हिशेब करू. प्रत्येक पिढीत एक मुलगा आई-वडिलांपाशी राहतो, हा नियम शंभर टक्के पाळला जातो असं धरा. लग्न २५ व्या वर्षी, मूल लगेच, मृत्यू ६५ व्या वर्षी. मुलाचं लग्न होतं तेव्हा बाप ५० चा. पुढची १५ वर्षं घरात दोन जोडपी. मग बाप जातो, आणि नातवाचं लग्न होईपर्यंत १० वर्षं घर केंद्रकुटुंबासारखं दिसतं. २५ वर्षांच्या फेऱ्यात १५ वर्षं एकत्र, म्हणजे कोणत्याही एका दिवशी यादी केली तर ६० टक्के घरं एकत्र दिसतील. आता फक्त लग्नाचं वय ३० करा, बाकी काहीही बदलू नका. मुलाच्या लग्नाच्या वेळी बाप ६० चा, सहवास ५ वर्षं, फेरा ३० वर्षांचा: १७ टक्के. नियम तोच, पाळणूक तीच, आणि टक्का ६० वरून १७ वर. आता आयुष्य ८० करा: सहवास २० वर्षं, ३० पैकी २०, म्हणजे ६७ टक्के. सूत्र एवढंच: (आयुष्य वजा लग्नवयाची दुप्पट) भागिले लग्नवय. हे एका वंशरेषेचं, एका वारसाचं गणित आहे. खऱ्या समाजात वयं विखुरलेली असतात, म्हणून आकडे इतके टोकाचे येत नाहीत, पण दिशा हीच.

मुलांच्या संख्येचा परिणाम तर अगदी उलटा पडतो. एकच मुलगा आई-वडिलांपाशी राहणार असेल आणि लग्न झालेले तीन मुलगे असतील, तर आई-वडिलांच्या बाजूने पाहता १०० टक्के एकत्र, मुलांच्या बाजूने ३३ टक्के. जन्मदर घटून मुलगा एकच राहिला की दोन्हीकडून १०० टक्के. म्हणजे मुलं कमी होताना तरुण जोडप्यांमधलं एकत्र राहण्याचं प्रमाण, कोणाचीही मनोवृत्ती न बदलता, वाढू शकतं.

म्हणून घराच्या सरासरी आकारावरून कुटुंबपद्धतीबद्दल बोलूच नका. आई-बाप आणि पाच मुलं म्हणजे सात माणसं, तरी केंद्रकुटुंब. दोन जोडपी आणि दोन नातवंडं म्हणजे सहा, तरी एकत्र. भारताच्या १९५१ च्या जनगणनेच्या अहवालाने लहान घरांचं मोठं प्रमाण पाहून एकत्र कुटुंब टिकत नसल्याचा कयास बांधला आणि त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. भारतात सरासरी घर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४.६ माणसांचं होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ४.४. या घसरणीत मुलं किती कमी झाली आणि चुली किती वेगळ्या झाल्या, हे त्या दोन आकड्यांतून निघत नाही.

इतिहासाचा_तक्ता

याला जोड. 'पूर्वी घरं मोठी होती, कारखाने आले आणि ती फुटली' हे गृहीतक युरोपात तपासलं गेलं आणि तिथेच आपटलं. इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर इंग्रजी वस्त्यांच्या याद्या काढल्या, तर सरासरी घर ४.७५ माणसांचं निघालं. औद्योगिकीकरणाच्या आधीपासूनच लहान! केंद्रकुटुंबाबाहेरचे नातेवाईक असलेली घरं जेमतेम १० टक्के. उलट मायकेल अँडरसन यांनी १८५१ चं प्रेस्टन हे इंग्लंडमधलं गिरण्यांचं शहर तपासलं, तर तिथे अशी घरं २३ टक्के. गिरणीत बायकाही कामाला जात, मूल सांभाळायला म्हातारी हवी, आणि घरभाडं वाटून घेतलेलं परवडे. म्हणजे कारखान्याने नातेवाईक घरात आणले.

त्यावर लुट्झ बर्कनर यांनी १९७२ मध्ये लॅस्लेटना कोपरखळी मारली, ती तुमच्या कामाची आहे. अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियातल्या शेतकरी घरांच्या याद्या त्यांनी प्रमुखाच्या वयानुसार फोडल्या. एकत्रित तक्त्यात तीन पिढ्यांची घरं थोडी दिसत होती. तरुण प्रमुखांच्या घरांत मात्र ती बरीच होती, कारण बापाने शेत मुलाच्या नावे करून निवृत्ती घेतलेली असे. एकाच दिवसाची यादी म्हणजे फिरत्या चाकाचा फोटो. तेव्हा सगळ्यात आधी एक तक्ता करा: प्रमुखाचं वय दहा-दहा वर्षांच्या गटांत आडवं, घराचा प्रकार उभा, दोन्ही फेऱ्यांसाठी. हा तक्ता न काढता छापलेले अहवाल पाहिले की वाईट वाटतं.

दुसरी_बाजू

वरचं सगळं मान्य, पण लंबक दुसऱ्या टोकाला नेऊ नका. 'सगळा मोजणीचा दोष, बदल काहीच नाही' हेही तितकंच चूक. स्टीव्हन रगल्स यांनी अमेरिकेच्या १८५० ते २००० च्या याद्या वृद्धांच्या बाजूने मोजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ६५ च्या पुढच्या जवळपास ७० टक्के व्यक्ती आपल्या प्रौढ मुलांबरोबर राहत होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीला १५ टक्क्यांहूनही कमी. इथे छेदात फक्त वृद्ध आहेत, त्यामुळे 'वृद्ध जगतच नव्हते म्हणून' ही पळवाट बंद होते. आयुष्य वाढलं, मुलं घटली, म्हणजे वरच्या हिशेबाप्रमाणे सहवास निदान घटायला नको होता, पण तो कोसळला. हा खरा बदल. रगल्स त्याचं कारण तरुणांच्या पगारी नोकऱ्यांत शोधतात: शेत किंवा धंदा वारशाने मिळेपर्यंत बापापाशी थांबायची गरज उरली नाही.

म्हणजे पद्धत हीच: ज्यांना एकत्र राहणं शक्य होतं त्यांच्यापैकी किती राहतात, ते मोजायचं. आलेली दिशा मग आपल्याला आवडो न आवडो.

यादीतला_घोळ

फार उपयोग झाला. पुस्तिका ताडल्या. पहिल्या फेरीत 'एका छपराखाली', दुसरीत 'एका चुलीवर' असंच निघालं. इमारतीचा क्रमांक आहे, त्यामुळे जोडता येईल.

आता दोन प्रश्न. नात्याच्या संकेतांवरून (कोडवरून) प्रकार यंत्राने ठरवायचा तर क्रम काय? आणि 'ज्यांना शक्य होतं ते' हे माझ्या यादीतून कसं काढू? घराबाहेर राहणारी मुलं यादीत नाहीतच.

जोडपी_मोजा

यंत्राला 'एकत्र' शिकवायला जाऊ नका, जोडपी मोजायला शिकवा. हॅमेल आणि लॅस्लेट यांची १९७४ ची वर्गवारी याच तत्त्वावर उभी आहे. तिचा घटक म्हणजे दांपत्यघटक: नवरा-बायको, किंवा नवरा-बायको आणि अविवाहित मुलं, किंवा एकटी आई अथवा एकटा बाप आणि अविवाहित मूल. मग पाच प्रकार पडतात. एकटा माणूस. दांपत्यघटक नसलेलं घर (दोन अविवाहित भावंडं, वगैरे). एक घटक म्हणजे साधं घर. एक घटक आणि वर कोणी सुटा नातेवाईक म्हणजे विस्तारित. दोन किंवा अधिक घटक म्हणजे बहुघटक. अपुऱ्या माहितीसाठी सहावा खण ठेवा आणि तो रिकामा दाखवायच्या मोहात पडू नका.

क्रम असा. प्रथम जोडपी जुळवा: प्रमुख आणि पती/पत्नी, मुलगा आणि सून, मुलगी आणि जावई, वडील आणि आई. दोन मुलगे आणि दोन सुना असतील तर यादीतला क्रम वापरा. प्रगणक बहुतेक वेळा मुलगा, सून, त्यांची मुलं, मग दुसरा मुलगा अशा ओळीने लिहितात. वैवाहिक स्थिती 'विवाहित' पण जोडीदार यादीत नाही, अशांचा वेगळा ढीग करा, कारण बाहेरगावी असलेला मुलगा नेमका इथे सापडतो. नंतर अविवाहित मुलं आई-बापाला जोडा आणि आई-मुलातलं अंतर १२ वर्षांहून कमी किंवा ५० हून जास्त आलं तर ती यादी हाताने बघा. नातवंडं कोणत्या मुलाची यावर डोकं फोडण्याची गरज बहुतेक वेळा नाही, कारण जोडप्यांची संख्या त्याने बदलत नाही. एखादा मुलगा विधुर असेल तेव्हाच बदलते: नातू त्याचा असेल तर एक घटक वाढतो, धाकट्या भावाचा असेल तर नाही. शेवटी राहिलेले सुटे नातेवाईक मोजा.

'इतर नातेवाईक' हा संकेत सगळ्यात घातक. पुतण्या, त्याची बायको आणि मूल तिघंही 'इतर नातेवाईक' म्हणून आले तर एक अख्खं जोडपं गडप होतं. एकाच यादीत दोन विवाहित 'इतर', एक पुरुष आणि एक स्त्री, वयात १५ वर्षांच्या आतलं अंतर, ओळीने शेजारी: त्यांना जोडपं धरा आणि अशी किती जुळवली ते तळटीपेत द्या. आयपम्सच्या (जनगणनांच्या व्यक्तिनिहाय नोंदींच्या) भांडारात प्रत्येक व्यक्तीसमोर आई, बाप आणि जोडीदार यांचा यादीतला क्रमांक असाच नियमांनी काढून ठेवलेला असतो. पुढच्या फेरीत प्रश्नपत्रिका तुमच्या हातात असेल तर हे तीन रकाने मुलाखतीतच भरून घ्या. निम्मी कटकट संपते.

आता विधवा आई. आई, मुलगा, सून, नातवंडं: घटक एकच, मुलाचा. आई सुटी. म्हणजे विस्तारित, एकत्र नव्हे. पण त्याच घरात एक अविवाहित मुलगी असेल तर आई आणि ती मिळून दुसरा घटक होतो आणि घर बहुघटक ठरतं. मुलगी लग्न होऊन गेली की तेच घर पुन्हा विस्तारित. घर मोडलं नाही, कोणी भांडलं नाही, फक्त वर्ग बदलला. पॉलिन कोलेंडा यांच्या १९६८ च्या वर्गवारीत एकत्र म्हणायला दोन जोडपी लागतात. विधवा आईचं घर तिथे 'पूरक केंद्रकुटुंब' होतं. म्हणजे बाप वारला त्या दिवशी घर 'एकत्र' यादीतून बाहेर. बोलीत मात्र त्याला कोणीही एकत्रच म्हणेल. यातलं बरोबर काय, यावर वाद घालत बसू नका. 'पूरक' किंवा 'विस्तारित' हा खण कायम वेगळा छापा, म्हणजे वाचणारा त्याला हव्या त्या बाजूला जोडून घेईल. तो खण 'केंद्र'मध्ये बुडवणं हे या क्षेत्रातलं सर्वात जुनं पाप आहे, आणि विभक्तांचा टक्का फुगतो तो पुष्कळदा तिथूनच.

परत आलेली मुलगी: लॅस्लेटच्या नियमाने कधीही लग्न न झालेलं मूलच पालकांच्या घटकात बसतं, म्हणून ती सुटी नातेवाईक आणि घर विस्तारित. युरोपीय सांख्यिकीच्या नियमाने वैवाहिक स्थिती कोणतीही असो, घरात तिचा जोडीदार किंवा स्वतःचं मूल नसेल तर ती पालकांच्या घटकातच. घटस्फोट वाढत असलेल्या काळात या एका नियमाने कल बदलतो. दोन्ही नियमांनी चालवून बघा.

छेदकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. घराबाहेरची मुलं यादीत नाहीत, म्हणून 'हयात विवाहित मूल असलेले वृद्ध' हा छेद थेट मिळणार नाही. त्याच पाहणीत स्त्रियांचा जन्मइतिहास विचारला असेल तर हयात मुलांची संख्या निघते, पण तो बहुधा ४९ वर्षांपर्यंतच्याच स्त्रियांना विचारतात, त्यामुळे वृद्धा निसटतात. तेव्हा दुधाची तहान ताकावर: ६० च्या पुढच्या सगळ्या व्यक्ती छेदात, आणि विवाहित मुलगा किंवा मुलगी यांच्याबरोबर राहणाऱ्या अंशात. वय (६०-६९, ७०-७९, ८० आणि पुढे), लिंग आणि जोडीदार हयात की नाही, या तिन्हींनी फोडून. जोडीदाराचा रकाना विसरू नका. आयुष्य वाढलं की जोडपी जास्त काळ जोडपी राहतात, आणि एकटेपणामुळे मुलाकडे जाण्याची वेळ उशिरा येते. न फोडता पाहिलं तर हा बदल 'मुलांनी टाकलं' असा दिसतो.

प्रमुख कोण, यावर काहीही टांगू नका. काही प्रगणक सर्वात वयस्कर पुरुषाला प्रमुख लिहितात, काही कमावत्याला. विधुर बाप प्रमुख असो की त्याचा मुलगा, नियम जोडप्यांवर असेल तर प्रकार तोच येतो. म्हणूनच प्रमुखाच्या वयाचा जो तक्ता वर सुचवलाय तो उपयोगी असला तरी नाजूक आहे. शेजारी 'घरातल्या सर्वात वयस्कर विवाहित पुरुषाचं वय' घालूनही एक करा.

यानंतर वाढीचं विघटन, म्हणजे ती कशाकशामुळे झाली त्याची फोड. एव्हलिन किटागावा यांची १९५५ ची पद्धत, कागदावरही होते. एकट्या राहणाऱ्यांचं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. पहिली फेरी: प्रौढांपैकी ९० टक्के ६५ च्या आतले, त्यांतले ५ टक्के एकटे, १० टक्के ६५ च्या पुढचे, त्यांतले २० टक्के एकटे. एकूण ६.५ टक्के. दुसरी फेरी: ८० टक्के आणि २० टक्के, एकटे ६ आणि २५ टक्के. एकूण ९.८. वाढ ३.३ टक्केबिंदूंची. वयरचनेचा वाटा: प्रत्येक गटाच्या हिश्श्यातला फरक गुणिले दोन फेऱ्यांच्या दरांची सरासरी. (-०.१ × ५.५) + (०.१ × २२.५) = १.७. वागणुकीचा वाटा: दरातला फरक गुणिले हिश्श्यांची सरासरी. (१ × ०.८५) + (५ × ०.१५) = १.६. बेरीज ३.३, जुळली. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ केवळ लोक म्हातारे झाल्याची. तुमच्या तक्त्यावर गट वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीचे करा. फार बारीक गट पाडू नका, एखाद्या चौकटीत तीसेक माणसंही नसतील तर तिथला दर नुसता हलतो. आणि 'वागणुकीचा वाटा' म्हणजे मनोवृत्ती असं परस्पर लिहू नका. त्यात घरांची उपलब्धता, भाडं, निवृत्तिवेतन सगळं मिसळलेलं असतं.

वेगळी_चूल

बाहेरगावच्या मुलाचं राहिलं. दोन्ही फेऱ्यांना एकच रहिवास नियम लावा: सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असलेला वगळायचा, किंवा दोन्हीकडे धरायचा. त्याची बायको-मुलं याच घरात असतील तर त्याला धरल्याने जोडपं पूर्ण होतं आणि घर बहुघटक ठरतं. वगळलं तर सून आणि नातवंडं आई-मुलांचा घटक म्हणून उरतात, त्यामुळे तरीही बहुघटक. तो अविवाहित असेल तर बहुतेक वेळा प्रकारात फरक नाही, फक्त आकार एकाने घटतो. म्हणजे ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. बायकोसकट बाहेर गेलेले विवाहित मुलगे आणि घरी फक्त म्हातारं जोडपं, तिथे मात्र मोठी आहे, कारण सूनही बरोबर गेल्याने यादीत काही खूणच उरत नाही.

त्यासाठी पुढच्या फेरीत यादीबाहेरचे प्रश्न घाला. यूजीन लिटवाक यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं की वेगळी राहणारी कुटुंबंही पैसा, सेवा आणि सल्ला यांनी बांधलेली असतात. 'मदत करता का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. गेल्या १२ महिन्यांत किती वेळा पैसे दिले किंवा घेतले, गेल्या ७ दिवसांत कितीदा भेट झाली, आजारपणात रात्री कोण थांबलं, असं विचारा. अंतर किलोमीटरमध्ये न विचारता वेळेत: तीच इमारत, चालत १५ मिनिटं, तासाभराच्या आत, त्याच्या पुढे. एकाच बाजूला विचारून थांबू नका. देणारे दिलेलं जास्त आठवतात, घेणारे घेतलेलं कमी.

आणि तिसरी फेरी त्याच घरांत जाऊन करणार असाल तर घराचा माग काढू नका, माणसाचा काढा. घर फुटलं की 'तेच घर' कोणतं, याला उत्तर नसतं. अमेरिकेची १९६८ पासून चाललेली पॅनेल पाहणी (त्याच माणसांना पुन्हा पुन्हा गाठणारी) घर सोडून गेलेल्या मुलांच्या नव्या घरीही जाते, म्हणून तिच्यातून वेगळं निघणं आणि परत येणं दोन्ही दिसतं. नुसत्या जुन्या पत्त्यावर गेलात तर फक्त मागे राहिलेले सापडतील.

यादीतला_घोळ

याद्या जोडल्या, विधवा आई वेगळ्या खणात टाकली. विभक्त घरांची वाढ बरीच आटली, पण संपली नाही. ७० च्या पुढच्या, जोडीदार नसलेल्या स्त्रियांत मुलांबरोबर राहण्याचं प्रमाण जवळपास तेच आहे. ६० ते ६९ च्या जोडप्यांत मात्र ते घटलंय. आता असं लिहू का: 'उतारवयाच्या सुरुवातीला जोडपी वेगळी राहू लागली आहेत आणि पुढे मुलांकडे जातात'?

छेदकर

पहिला भाग चालेल, दुसरा नाही. 'पुढे जातात' म्हणायला तीच माणसं दोनदा पाहिलेली हवीत. तुमच्याकडे दोन वेगळ्या पिढ्यांचे दोन फोटो आहेत. आजच्या ७० च्या पुढच्या स्त्रिया कदाचित कधी वेगळ्या राहिल्याच नसतील, आणि आजची साठीतली जोडपी पुढे काय करतील ते या यादीत नाही. 'साठ ते एकोणसत्तर वयोगटातल्या जोडप्यांत विवाहित मुलांबरोबरचा सहनिवास घटला. सत्तरीपुढच्या, जोडीदार नसलेल्या स्त्रियांत तो टिकून आहे' एवढं लिहा. खाली घराची व्याख्या आणि याद्या कशा जोडल्या ते द्या. 'मोडत चालली आहे' हे शीर्षकातूनही काढा.